'सीपीयू' नावाच्या पेटीचा जीर्णोद्धार

संगणकाच्या संपूर्ण पेटीला 'सीपीयू' म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे पक्का रुजला आहे. वास्तविक सीपीयू म्हणजे त्या पेटीच्या पोटात, पंख्याखाली दडलेली बिस्किटाएवढी चकती. अंशाच्या नावाने समग्राचा निर्देश करणारी ही लक्षणा तंत्रज्ञांना अडाणीपणाची वाटते. आम्हांस मात्र तीत एक इतिहास दिसतो. ज्यांना पेटी उघडावी लागली नाही, त्यांना ती एकजीव वाटली. आणि घरोघरी ती प्रथम उघडली गेली ती, आमच्या पाहण्यात तरी, अभ्यासासाठी नव्हे, खेळासाठी.

जुन्या पेटीत नवे भाग घालून ती नव्या खेळांना योग्य करणे, या क्रियेला मराठीत सुटसुटीत शब्द नाही. 'अद्ययावत' हे विशेषण आहे, 'उन्नयन' परिपत्रकातच शोभते. बोलताना सर्वजण 'अपग्रेड' म्हणतात. आमच्या मते जवळचा शब्द 'जीर्णोद्धार' हा होय. चौंडी या जामखेड तालुक्यातील गावी 1725 साली जन्मलेल्या आणि 2024 पासून ज्यांचे नाव नगर जिल्ह्याला मिळाले आहे, त्या अहिल्याबाई होळकरांच्या चरित्रात तो पदोपदी भेटतो. जीर्णोद्धारात दगड बदलतात, स्थान राहते. पण स्थान किती बदल सोसेल, हे आधीच्या बांधणाऱ्याने ठरवलेले असते. संगणकाचेही तसेच आहे.

ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमने पहिला पीसी विक्रीस आणला. तो सुमारे वर्षभराच्या घाईत घडवलेला असल्याने त्याचे बरेचसे भाग बाहेरून विकत घेतलेले होते, आणि आत जोडकार्डांसाठी पाच खाचा मोकळ्या ठेवल्या होत्या. शिवाय विद्युतमंडलांच्या आकृत्या कंपनीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. परिणाम असा झाला की 1982 मध्येच कॉम्पॅकने त्याच प्रकारचे स्वतःचे यंत्र जाहीर केले, आणि मग कोणाचाही भाग कोणाच्याही पेटीत बसू लागला. या खुलेपणामागे औदार्य नव्हते, घाई होती, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे नोव्हेंबर 1984 च्या संगणक धोरणाने आयातीचे दार किलकिले झाले. 1997 मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाल्यावर सुट्या भागांवरील जकात उतरत गेली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, हे या सुट्या भागांचे माहेर. तेथून 'असेंबल' केलेला संगणक राज्यभर पसरला. त्याचे खरे साहित्य म्हणजे कोटेशन! मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, एसएमपीएस अशी एकेका ओळीत किंमत लिहिलेला तो कागद घेऊन वडीलमंडळी दुकानात घासाघीस करीत. आपली पेटी कशाकशाची बनली आहे, हे त्या कागदामुळे घराला ठाऊक असे. 'ब्रँडेड' पेटीबरोबर कागद येई तो वॉरंटीचा, आणि झाकणावर एक चिकटपट्टी. ती फाटली की हमी संपली. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर तालुक्यातालुक्यांत संगणक पोहोचला खरा, पण त्या अभ्यासक्रमाने माउस धरायला शिकवले, स्क्रू काढायला नव्हे. असो.

याच काळात, 2003 साली, 'व्हाइस सिटी' संगणकावर आला. त्यास किमान 32 एमबीचे ग्राफिक्स कार्ड हवे होते. तयार मिळणाऱ्या अनेक स्वस्त पेट्यांत इंटेलचा 810 हा चिपसेट असे. त्यात चित्रे रंगवण्याचे काम मदरबोर्डच करी, आणि वेगवान कार्डासाठी लागणारी एजीपी ही खाच मुळी नसेच. ज्याने असेंबल केलेला संगणक घेतला होता त्याला खाच मिळाली, ज्याने नावाजलेली पेटी घेतली तो अडकला. शहाणपणाचा सौदा कोणता, हे एका खेळाने उलटेपालटे करून दाखवले.

आजची गोष्ट याहून फार निराळी नाही. नगरला सावेडीत राहणाऱ्या आमच्या एका प्राध्यापक स्नेह्यांनी प्रबंध टंकण्यासाठी कार्यालयातून निघालेली, दुरुस्त करून विकलेली एक सडपातळ पेटी घेतली. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी, जुनी फिरती हार्ड डिस्क. अकरावीतल्या मुलाने विचारले, "बाबा, उघडू का?" बाबांचे प्रबंधाचे चार अध्याय त्याच डिस्कवर होते. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. मग पेनड्राइव्हवर अध्याय उतरवून त्यांनी होकार दिला.

झाकण निघाले आणि मूळ बांधणाऱ्याची इच्छा दिसू लागली. वीजपुरवठ्याचा डबा नेहमीच्या मापाचा नव्हता, त्याची जोडणीही नेहमीच्या 24 टाचण्यांची नव्हती. म्हणजे बाजारातला मोठा डबा सरळ बसणार नाही, आणि वेगळी वायर मागणारे मोठे कार्ड चालणार नाही. अशा वेळी आधार उरतो तो खाचेचाच: पीसीआय एक्सप्रेसची खाच स्वतः 75 वॉटपर्यंत वीज देते. तेवढ्यावर भागणारी कार्डे थोडी आहेत. 2019 चे जीटीएक्स 1650 त्यांतले एक. 2024 चे सहा जीबीचे आरटीएक्स 3050 तर 70 वॉटवरच चालते. पेटी सडपातळ असल्याने कार्डही अर्ध्या उंचीचे हवे. मुलाने जुने 1650 मिळवले, रॅमची दुसरी जुळी पट्टी घातली म्हणजे दोन्ही मार्गांनी एकदम वाचन होते, आणि फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. या शेवटच्या बदलाचा लाभ खेळापेक्षा प्रबंधाला अधिक झाला, हे स्नेह्यांनी आम्हांस कबूल केले.

2015 साली संगणकावर आलेला 'जीटीए फाइव्ह' तीवर उत्तम चालतो. पण 2024 अखेरचा इंडियाना जोन्सचा खेळ सुरूच होत नाही, कारण प्रकाशकिरण मोजणारी यंत्रणाच त्या कार्डात नाही. ती आरटीएक्समध्ये असते. येथवर अडचण वस्तूची आहे आणि पैसे खर्चून सुटते. दुसरी अडचण निराळी आहे. विंडोज 10 चे नियमित साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले, आणि विंडोज 11 अधिकृतपणे टीपीएम 2.0 आणि इंटेलचे मुख्यतः आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर स्वीकारते. 'बॅटलफिल्ड 6' सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडत नाही. फसवेगिरी रोखण्यासाठी हे आवश्यक आहे, असे खेळकर्ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तरीही झाकणावरची चिकटपट्टी निदान नखाने निघत होती. ही नवी पट्टी कोठे आहे, हे पेटी उघडूनही दिसत नाही. त्यात 2025 च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, आणि नवी पेटी घेण्याचा मार्गही महागला.

सावेडीतली पेटी सध्या झाकणाशिवाय उभी असते. मुलाला आता आरटीएक्स 3050 हवे आहे, बाबांना पाचवा अध्याय संपेपर्यंत कोणी स्क्रूला हात लावू नये असे वाटते. मुलाने वहीच्या पानावर, प्रत्येक भागासमोर किंमत लिहून, एक कोटेशन तयार करून ठेवले आहे.