रिकाम्या रस्त्याचा इतिहास

गेल्या हिवाळ्यात पुण्याकडचे तिघे तरुण सायकलींवरून मोलगीला आले होते. सायकली कसल्या, शर्यतीची घोडीच ती! एका हाताने सहज उचलाव्यात इतक्या हलक्या, आणि मागच्या चाकाला दातेरी चक्रांची चळतच्या चळत. बाजारातली पोरे त्यांच्याभोवती अशी गोळा झाली की भगर विकायला बसलेल्या बायांना गिऱ्हाईक दिसेना. मी शाळेतून परतत होतो. त्यांतल्या एकाने डोक्यावरचे हेल्मेट काढले, घाम पुसला आणि अगदी भक्तिभावाने मला म्हणाला, "गुरुजी, तुम्ही लोक किती भाग्यवान! मघापासून एक मोटार आडवी आली नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, झाडी, आणि रस्ता आपल्या एकट्याचा. असा रस्ता आता महाराष्ट्रात राहिला आहे कुठे?"

मी 'खरे आहे' म्हटले. दारी आलेल्याला नाही म्हणू नये. पण घरी आल्यावर त्याचे ते बोलणे काही केल्या डोक्यातून जाईना. रस्ता रिकामा होता हे खरेच. पण तो रिकामा का होता? किल्ल्यांना इतिहास असतो, देवळांना असतो. रिकाम्या रस्त्याला कसला आला इतिहास, असे वाचकांना वाटेल. मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक लेखक म्हणतात. इतिहासकार म्हणण्याची चूक अजून कोणी केलेली नाही. तरी हा इतिहास मी स्वतः तुडवलेला आहे, म्हणून सांगण्याचे धाडस करतो.

नकाशात महाराष्ट्राचे वायव्येकडचे टोक पाहावे. खाली तापी, वर नर्मदा, आणि दोघींच्या मध्ये सातपुडा आडवा पडलेला. अक्कलकुवा सोडले की देवगोईचा घाट लागतो. तो चढून वर आले की सपाटीवरच्या खानदेशाशी आपला संबंध तुटला असे समजावे. मग मोलगी, त्याच्या जवळच काठी, पुढे धडगाव आणि त्याही पलीकडे अकराशे मीटरांहून उंच असलेले तोरणमाळ. आदिवासींच्या देवकथांचे आद्यस्थान मानले जाणारे डाब याच मुलखात आहे. तिकडे थंडीत पहाटेचे दंव गोठते, आणि त्याची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रांत येते. आमच्या इतर बातम्या तेवढ्या नेमाने येत नाहीत!

हा मुलूख मेवासी राजांचा. इंग्रजांनी १८१८ साली खानदेश घेतला, पण या डोंगरांत त्यांचा कायदा कधी सपाटीसारखा चालला नाही. १८७४ च्या शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स अॅक्टाच्या यादीत काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली आणि नवलपूर अशा सहा मेवासी प्रमुखांची गावे वेगळी काढून ठेवली आहेत. त्या प्रमुखांची पाडवी, वळवी, वसावे ही आडनावे आज माझ्या हजेरीपटावर रोज पुकारली जातात. वेगळे काढून ठेवणे म्हणजे एका परीने राखणे, आणि दुसऱ्या परीने विसरणे. तापीच्या खोऱ्यातून सुरतेची आगगाडी विसाव्या शतकाच्या तोंडावर नंदुरबारला आली. सातपुड्याच्या माथ्यावर मात्र चाकाला काहीच काम नव्हते. धान्य डोक्यावर, मूल पाठीला आणि आजारी माणूस झोळीत, ही आमची वाहतूक. काठीच्या राजवाडी होळीला लोक डोंगरामागून डोंगर तुडवत, ढोल वाजवत, रातोरात येऊन पोचत. वाट ही पायांची होती आणि पायांना पुरेल एवढीच रुंद होती.

आता सायकलीकडे वळू. कॉव्हेंट्रीच्या स्टार्लीने दोन्ही चाके सारखी असलेली 'रोव्हर' सायकल १८८५ त बाजारात आणली. बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने १८८८ त तिला हवेचे टायर दिले. आणि त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत; पुढे ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकल विकायची आणि घेणाऱ्याला तिच्यावर बसायलाही शिकवायचे, असा तो धंदा होता. नांगर, पंप आणि इंजिने ही सारी त्यानंतरची. मराठी मुलखातला एक मोठा कारखाना एका मास्तराच्या सायकल-दुकानातून निघाला, ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगतो. मुले ऐकतात. मग एखादे विचारते, "गुरुजी, मग तुम्ही का नाही काढला?"

सायकलीने मराठी माणसाला वेडच लावले. पुणे तर सायकलींचे शहर म्हणून गाजले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वी-प्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून मार्च १९२८ मध्ये परतले. वाळवंटे आणि अरण्ये मिळून सुमारे ७१,००० किलोमीटर! आमच्या खानदेशच्या सपाटीवरही तळोदा, शहाद्याकडे दूधवाला, पोस्टमन, मास्तर, सारे सायकलीवर. मी तळोद्याचा. दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत सायकल शिकलो, ती तासाच्या भाड्याची. गुडघ्यावरची खूण अजून आहे.

पण ही सायकल देवगोईच्या पायथ्याशी येऊन थांबली. त्याचे कारण अगदी साधे, यंत्रातलेच होते. आपली काळी सायकल वजनाने वीस किलोच्या घरात, आणि तिला चक्र एकच. पायडलच्या एका फेरीत ती सुमारे पाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे वरदान, चढावर शाप. कारण तेवढे अंतर एका दमात वर चढवायला पायांत बैलाचे बळ पाहिजे. फ्रान्समध्ये सेंत-एत्येन हे डोंगराळ भागातले गाव आहे. तिथल्या पॉल द व्हीव्ही नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी हट्टच धरला की, सायकलीला चढासाठी निराळे चक्र हवे, उतारासाठी निराळे. शर्यतवाल्यांनी त्याची टर उडवली. गियर ही म्हाताऱ्यांची सोय, असे त्यांचे म्हणणे! फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत चालत्या सायकलीवर गियर बदलण्याच्या यंत्राला परवानगी मिळाली ती थेट १९३७ त. त्या पुण्याच्या तरुणांच्या मागच्या चाकावरची चळत म्हणजे त्या गृहस्थाच्याच हट्टाचे फळ. ती चळत आमच्याकडे येण्याआधी मोटार आली. सपाटीवर बैलगाडी आणि मोटार यांच्या मधला अर्धाअधिक शतकाचा काळ सायकलीचा होता. डोंगराने हा काळ पाहिलाच नाही. तो पायवाटेवरून एकदम जीपच्या टपावर जाऊन बसला.

मी वस्तीशाळेवर तुटपुंज्या मानधनावर लागलो तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. शाळा मोलगीपासून दहा-बारा किलोमीटरांवरच्या एका पाड्यात. तळोद्याहून माझी काळी सायकल मी मोठ्या दिमाखात वर न्यायला निघालो. देवगोईच्या दुसऱ्या वळणावर दिमाख उतरला आणि मीही उतरलो. तिथून माथ्यापर्यंत मी सायकल ढकलत होतो. वाटेत एक म्हातारबाबा डोक्यावर लाकडे घेऊन माझ्या पुढे निघून गेले, परत वळले, आणि सायकलीकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "गुरुजी, हिने तुम्हाला न्यायचे, की तुम्ही हिला?" याचे उत्तर मला अजून नीट सुचलेले नाही.

पुढे मानव विकास कार्यक्रमातून शाळेला जाणाऱ्या मुलींना सायकली मिळू लागल्या. सपाटीवर त्यांनी मुलींचे आयुष्य पालटले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. डोंगरात मात्र उताराच्या शाळेला सकाळी वाऱ्यासारख्या येणाऱ्या मुली संध्याकाळी त्याच सायकली हातात धरून घरी चढतात.

मोटारींवाचून डोंगर कसा असतो, हे पाहायचे तर लोक माथेरानला जातात. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० त ते ठिकाण शोधले, आदमजी पीरभॉय यांनी १९०७ त नेरळहून छोटी आगगाडी वर नेली. मोटार मात्र दस्तुरीच्या पुढे जात नाही. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवले. मी एकदा तिथे गेलो होतो. तांबडी माती, गर्द झाडी, मोटारीच्या भोंग्याचे नाव नाही. मन प्रसन्न झाले. तेवढ्यात समोरून एक हातरिक्षा आली. पुढे एक माणूस ओढतो आहे, मागे दुसरा ढकलतो आहे, आणि आत एक लठ्ठ गृहस्थ भुईमुगाच्या शेंगा खात बसले आहेत. मोटार नको म्हणून काय झाले, ओझे काही कमी होत नाही. ते कोणाच्या तरी खांद्यावर जातेच. त्या रिक्षावाल्यांनाच पुढे ई-रिक्षा मागावी लागली. २०२२ च्या डिसेंबरात तिचा प्रयोग सुरू झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणूस ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करावी असा आदेश दिला.

माथेरानचा रस्ता कायद्याने मोकळा. आमचा मोकळा राहिला तो कोणी विचारले नाही म्हणून. आमच्या झोळीला वर्तमानपत्रांनी एक विनोदी नावही देऊन टाकले आहे: 'बांबुलन्स'. बांबूला चादर बांधायची, आत आजारी माणूस, दोन्ही टोकांना दोन खांदे. ज्याने ते नाव काढले त्याने एकदा तो बांबू खांद्यावर घेऊन पाहावा.

असे म्हटले की कोणी समजेल, मास्तर मोटारींचा कैवारी झाला. तसेही नाही. अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीच्या दिवसांत यात्रा भरते. महाभारतातला अश्वत्थामा तिथे आहे अशी श्रद्धा आहे. पूर्वी लोक तळोद्याकडून चालत जात. आता कित्येक जण गाड्यांत कोंबून जातात. २०२५ च्या धनत्रयोदशीला यात्रेहून परतणारी एक पिकअप गाडी चांदसैली घाटात कोसळली आणि माणसे गेली. त्या वर्षी आमच्या शेजारच्या कित्येक घरांत पणती लावायला हात उचलला नाही. घाट जितका पायांना ओळखतो तितका चाकांना ओळखत नाही.

२०१६ साली तोरणमाळच्या जंगलाचा मोठा भाग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथे सायकलींवरून पाहुणे आले, पाड्यातल्या पोरांनी त्यांना वाट दाखवली, बायांनी भाकरी करून घातली आणि चार पैसे गाठीला बांधले, तर मला आनंदच आहे. त्या तिघांनाही मी पुन्हा या म्हणून सांगितले. फक्त त्यांनी मला भाग्यवान म्हटले तेव्हा मला एक रात्र आठवत होती, ती त्यांना सांगितली नाही. ती इथे सांगतो.

२००३ सालचा पावसाळा नुकताच संपला होता. पाड्यातली एक बाळंतीण अडली. सुईणीने हात टेकले. झोळी बांधून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचे ठरले. पण पुढे काय? फोन नाही, गाडी नाही. सगळे माझ्याकडे पाहू लागले, म्हणजे माझ्याकडे नव्हे, सायकलीकडे. मी निघालो. सायकलीला डायनमोचा दिवा होता. ज्याने तो वापरला आहे त्याला ठाऊक असेल की हा दिवा चाकाच्या वेगावर जगतो. उतारावर लख्ख, आणि चढावर, जिथे उजेडाची खरी गरज तिथे, मिणमिण करीत विझतो. दर चढाला मी अंधारात उतरत होतो, सायकल ढकलत होतो, आणि झाडीत काही खसफसले की मोठमोठ्याने पाढे म्हणत होतो. रस्ता त्या दिवशीही माझ्या एकट्याचाच होता. त्या दहा-बारा किलोमीटरांत समोरून एखाद्या मोटारीचे दोन दिवे यावेत म्हणून मी जेवढी प्रार्थना केली, तेवढी मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही केली नव्हती.

मोलगीत एका जीपवाल्याला उठवले. तो एक शब्द न बोलता सदरा अंगात घालीत बाहेर आला. सायकल टपावर चढवली, दोरीने आवळली, आणि आम्ही परत फिरलो. झोळी रस्त्याच्या कडेला येऊन थांबलेली होती. चौघे जण खांदे चोळत उभे होते. बाळंतीण पहाटे मोलगीच्या दवाखान्यात सुटली. मुलगी झाली.

सकाळी मी जीपवाल्याला पैसे विचारले. बाईचे भाडे घेणार नाही, असे तो म्हणाला. माझे? तेही नाही. मग त्याने टपावरून सायकल खाली उतरवली, तिची चाके एकदा फिरवून पाहिली, आणि म्हणाला, "हिचे मात्र पाच रुपये द्या. हिला स्वतःची चाके आहेत, तरी ही माझ्या गाडीवर बसून आली."