हाताला धरायला काहीतरी

एप्रिल १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला पडला. लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या तोफांपुढे गडकऱ्यांनी हत्यारं ठेवली आणि पाठोपाठ आसपासचे १७ किल्ले न लढताच इंग्रजांच्या पदरात पडले. हरिहर त्यातलाच एक. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी कॅप्टन ब्रिग्ज हा मुलूख बघत फिरत होता. हरिहरच्या पायऱ्यांबद्दल त्यानं जे लिहिलं ते पुढे १८८३ च्या नाशिक गॅझेटियरात आलं. त्याचा मथितार्थ असा: हा चढ किती उभा आहे ते शब्दांत सांगून कळायचं नाही, दोनशे फुटी भिंतीला जिना लावावा तसं हे प्रकरण आहे, पायऱ्या जागोजागी तुटल्यात, आणि हाताला आधार म्हणून खडकात भोकं पाडली आहेत.

बहुतेक लोक ‘दोनशे फूट’ वाचून थक्क होतात. माझी नजर अडते ती शेवटच्या भोकांवर. कारण माझा धंदाच तो. सातपूरच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. ग्रिल, गेट, पत्र्याचे शेड हे सगळं करतो, पण मनापासून करतो त्या शिड्या आणि शिडीला लावायच्या वस्तू: तळाचे रबरी बूट, माथ्याचे हूक, भिंतीपासून शिडी लांब धरणारे टेकू. शिडी कोणीही बनवतो. दोन उभे दांडे, मध्ये आडव्या दांड्या, झालं. तिच्यावरून माणूस पडू नये म्हणून वरून जे जोडावं लागतं, त्यात खरी अक्कल लागते. आणि हरिहरच्या पाथरवटानं ती अक्कल छिन्नीनं वापरलेली आहे.

शिडी लावायचा नियम जगभर एकच आहे. चार फूट उंचीला एक फूट बाहेर, म्हणजे जमिनीशी साधारण ७५ अंश. त्याहून आडवी लावली तर तळ घसरतो. त्याहून उभी लावली तर चढणाऱ्याचं वजन पाठीमागे जातं आणि शिडी त्याच्यासकट उलटी येते. हरिहरचा चढ ८० अंशांचा, असं ट्रेकर मंडळी सांगतात. दोन-चार अंश इकडे-तिकडे धरले तरी तो शिडीचाच चढ आहे, जिन्याचा नव्हे. जिना माणूस पायांनी चढतो, हात मोकळे राहतात, काखेत पोर असलं तरी चालतं. या चढावर हात मोकळे ठेवून चालत नाही. म्हणूनच त्या पाथरवटानं पायरी खोदताना तिच्या दोन्ही बाजूंना खोबण्या खोदल्या. चार बोटं आत जातात आणि आतल्या काठाला अडकतात. वर चढताना डावा हात एका खोबणीत, उजवा दुसरीत, एक पाय टेकलेला आणि दुसरा हवेत. आजच्या सुरक्षेच्या पुस्तकात याला ‘तीन ठिकाणी पकड’ म्हणतात आणि कारखान्यात भिंतीवर त्याचं चित्र लावतात.

उतरताना बघा. पायथ्याच्या निरगुडपाड्याकडून वर आलेली नवखी पोरं उतरताना दरीकडे तोंड करून बसतात आणि बुडावर सरकत येतात. गावातली माणसं कातळाकडे तोंड करतात, खोबणीत हात घालतात आणि पाय खाली सोडून पायरी चाचपतात, अगदी शिडीवरून उतरावं तशी. पायऱ्या मधे झिजून खोलगट झाल्यात. पावसात त्यात पाणी साठतं आणि कडेला शेवाळ धरतं. खोबण्यांचे काठ मात्र अजून पकड देतात.

पायऱ्यांचा पहिला टप्पा चढून गेल्यावर दरवाजा लागतो. शिडीवरचे निम्मे अपघात वरच्या टोकाला होतात असं आमच्या धंद्यातले जुने लोक सांगत. आकडा मी मोजलेला नाही, पण चढणं संपतं आणि पाऊल बाजूला टाकायचं असतं, त्या क्षणी हाताला काही नसलं की माणूस जातो, हे खरं. म्हणून शिडीचं टोक छताच्या काठापेक्षा तीन फूट वर न्यायचं, हाही जगभरचा नियम. हरिहरला शेवटच्या पायरीनंतर हात थेट दरवाजाच्या दगडी चौकटीवर जातो. तिथून पुढे ओणव्या कातळाखालची वाट, मग पुन्हा पायऱ्यांचा दुसरा टप्पा, जो काहींना पहिल्यापेक्षा अवघड वाटतो.

किल्ला बांधणाऱ्याला हा चढ सोपा करायचा नव्हता, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्याला एका वेळी एकच माणूस वर यायला हवा होता, तोही दोन्ही हात गुंतलेला. खोबणीत हात असताना तलवार कशी उपसणार? आपल्या शिबंदीला पडू द्यायचं नाही आणि शत्रूला लढू द्यायचं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच भोकानं साधल्या.

शत्रूनं शिडीवाचून काय करायचं, याचं उत्तर नाशिकजवळच आहे. पेठ रस्त्यावर आशेवाडीपाशी रामशेज दिसतो, तसा बुटकाच किल्ला. १६८२ पासून मोगल त्याला वेढा घालून बसले आणि वर्षानुवर्षं बसूनच राहिले. इतिहासकार खाफी खान लिहितो की मोगलांनी लाकडांचा प्रचंड दमदमा उभारला, ज्यावर पाचशे माणसं मावतील. म्हणजे किल्ल्याला शिडी लावता येईना तेव्हा किल्ल्याइतकी उंच लाकडी माडीच बाहेर रचली. तरी गड पडला नाही. एवढी लाकडं, एवढे सुतार! आमच्या शेडमध्ये परांचीचं काम आलं की मला हटकून त्या मोगल सुतारांची आठवण होते.

इंग्रजांनी हा प्रश्न उलट्या बाजूनं सोडवला. किल्ले हातात आल्यावर त्यांनी चढायची सोयच मोडली. इगतपुरीच्या बाजूला अलंग, मदन आणि कुलंग हे त्रिकूट आहे. तिथल्या कातळातल्या पायऱ्या सुरुंगानं उडवल्या. त्या तुटलेल्या टप्प्यांमुळे आजही अलंग आणि मदनला दोर, हार्नेस आणि जाणकार माणूस लागतो. बुरूज पाडायला दारूगोळा आणि महिने लागतात. पायऱ्यांचा एक टप्पा उडवला की वरचं सगळं बिनकामाचं.

मग हरिहरच्या पायऱ्या का राहिल्या? ब्रिग्ज त्या कारागिरीवर इतका भाळला की त्या फोडायला त्याचं मन झालं नाही, अशी गोष्ट ट्रेकर एकमेकांना सांगतात. गोष्ट गोड आहे. मला ती फारशी पटत नाही. ज्या साहेबानं पायऱ्या तुटक्या असल्याचं लिहून ठेवलं, तो भाळला होता म्हणायला आधार काय? पण कामाची दाद घ्यायला इंग्रज कॅप्टनच लागतो, अशी आपली सवय आहे. पुढे १९८६ मध्ये डग स्कॉट हा एव्हरेस्टवीर याच डोंगराचा पायऱ्या नसलेला कडा चढला, आणि लगेच त्याला ‘स्कॉटिश कडा’ असं नावही पडलं. पायऱ्या खोदणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही.

किल्ल्यांचे चढ हे असे, तर देवाचे चढ वेगळ्या हिशेबाचे. सप्तशृंगीला १७१० मध्ये उमाबाई दाभाड्यांनी पायऱ्या बांधवल्या. ब्रह्मगिरीवर १९०८ मध्ये कराचीच्या लालचंद भंभाणी शेठजींनी चाळीस हजार रुपये घालून वाट बांधली. दोन्हीकडच्या पायऱ्या रुंद, बुटक्या, म्हाताऱ्या माणसाला टेकत टेकत चढता येतील अशा. तिथं खोबण्यांचं काम नाही. सप्तशृंगीवर तर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांची सोय झाली. पण त्याच शिखराच्या माथ्यावर वर्षातून दोनदा, चैत्रात आणि नवरात्रात, देवीचा कीर्तिध्वज फडकतो. दरेगावच्या गवळी घराण्याकडे तो मान आहे. माथ्यावर जायला पायऱ्या नाहीत, शिडी नाही, आणि चढाई रात्रीची. ज्याला कातळ हातानं वाचता येतो त्याला जोडणी लागत नाही. बाकीच्यांना लागते, आणि माझं दुकान बाकीच्यांवर चालतं.

हाताला धरायला काहीतरी द्यायचं हे शहाणपण जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्येही होतं. आमच्या वाड्यातला माडीवरचा जिना म्हणजे भिंतीच्या जाडीत बसवलेली सागवानी शिडीच. उभा, अंधारा, पायऱ्या जेमतेम पाऊलभर. वरच्या तुळईला काथ्याचा जाड दोर बांधलेला, त्याला हातभर अंतरावर गाठी. आजी त्या दोराला धरून खालून भरलेली कळशी घेऊन माडीवर जायची, आणि आम्हा पोरांना ताकीद असायची: ‘दोर सोडलास तर माडीवर येऊ नकोस.’ सावकारांच्या घरी दोराऐवजी पितळी साखळी. आमचा दोर तेलकट हातांनी काळा, गुळगुळीत झाला होता. गाठी होत्या म्हणूनच तो हातातून निसटत नसे. दोर विरला की आजोबा तो स्वतः बदलत. सुताराला त्यासाठी बोलवत नसत, कारण गाठींचं अंतर घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाच्या हाताला जुळायला हवं असे.

लोखंड यात बरंच उशिरा आलं. कळसूबाईवर, म्हणजे १६४६ मीटरच्या महाराष्ट्राच्या माथ्यावर, आज लोखंडी शिड्या आहेत आणि काही ठिकाणी जोडीला साखळ्या. नवरात्रात बारी गावाकडून नऊवारी नेसलेल्या बाया त्या शिड्यांवरून रांगेनं जातात. धोडपला शिडी आहे, घोटीजवळच्या कावनईला शेवटच्या कातळावर शिडी आहे. यांच्यामुळे हजारो लोक वर गेले, त्यांना नावं ठेवायचं काम नाही. पण लोखंडाला वर्षानुवर्षं बघावं लागतं, दगडाला नाही. पाइप खडकात सिमेंटनं पक्का केला की सगळ्यांना वाटतं, झालं काम. पाणी नेमकं सिमेंट संपतं आणि पाइप सुरू होतो त्या रेघेवर बसतं. वरून रंग चकचकीत, आणि त्या रेघेशी पाइप आतून पापडासारखा. मी कुठेही गेलो की खिशातला पाना काढून बुडाशी हलकेच ठोकतो. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर त्या कठड्यावर भार टाकायचा नाही, आणि बरोबरच्यांनाही टाकू द्यायचा नाही.

सरकती शिडी, जिला सगळे एक्स्टेंशन म्हणतात, ती आमच्याकडे खऱ्या अर्थानं पसरली ती केबल टीव्हीच्या काळात. त्याआधी रंगारी बांबूची शिडी सायकलला बांधून न्यायचे. काथ्यानं बांधलेल्या दांड्या, आणि खाली एक पोरगा शिडी धरून उभा. तो पोरगा हीच त्या काळची सुरक्षा. अॅल्युमिनियम आलं, शिडी हलकी झाली, एकटा माणूस ती खांद्यावर टाकून निघाला, आणि पोरगा धंद्यातून गेला. त्याची जागा भरणारी वस्तू मात्र कुणी विकत घेईना. अॅल्युमिनियम गुळगुळीत फरशीवर सरकतं. माणूस जितका वर जाईल तितका तळाचा ओढा वाढतो, म्हणजे अगदी वर पोचल्यावर शिडी निसटते. पन्हळीला टेकली तर पन्हळ वाकते, काचेला टेकली तर काच जाते. विजेच्या कामाला तर ती नकोच, तिच्यातून करंट वाहतो. तिथं फायबरची हवी.

आम्ही जो टेकू करतो तो साधा आहे. शिडीच्या वरच्या टोकाला यू बोल्टनं आवळायचा एक आडवा पाइप, शिडीच्या रुंदीहून बराच लांब, आणि त्याच्या दोन टोकांना पुढे आलेले रबर लावलेले हात. शिडी भिंतीपासून हातभर दूर राहते, खिडकी मधोमध आली तरी टेकायला दोन्ही बाजूंना भिंत मिळते, आणि बाजूला कलंडण्याची भीती जाते. रंगाचा डबा अडकवायला त्यावर एक हूक, म्हणजे एक हात कायम मोकळा. एका जुन्या रंगाऱ्याला पहिल्यांदा दाखवला तेव्हा तो म्हणाला, ‘शेठ, एवढी वर्षं पडलो नाही, आता ह्याचे पैसे कशाला?’

मी म्हणालो, ‘मामा, तुम्ही पडला नाहीत, कारण खाली पोरगा होता.’

मामा हसले. टेकू घेतला नाही, पण डब्याचा हूक तेवढा मागून नेला. पुढच्या पावसाळ्यानंतर येऊन टेकूही घेऊन गेले. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

अलीकडे एका गावानं त्यांच्या देवस्थानच्या डोंगरवाटेला कठडा बसवायचं कोटेशन मागितलं. वाट कातळात खोदलेली, अरुंद, आणि कडेला हरिहरसारख्याच खोबण्या. एका बैठकीत सूचना आली की पाइपाचे खांब त्या खोबण्यांतच उभे करावेत, म्हणजे नवं भोक पाडायचा खर्च वाचेल. मी नाही म्हटलं. खांब बाहेरच्या कडेला, ड्रिल करून, स्टेनलेसचे अँकर, बुडाशी पाणी वाहून जाईल असा उतार, आणि दर पावसाळ्यानंतर पान्यानं ठोकून बघायची जबाबदारी गावातल्या एका माणसावर नावानिशी. खोबण्या मोकळ्याच राहायला हव्यात. कठडा कधी सैल झाला तर हात तिथंच जाणार आहे. त्यामुळे कोटेशनचा आकडा फुगला. गावानं अजून होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. सरपंचांचा दोनदा फोन येऊन गेला, थोडं कमी करता येईल का म्हणून. पाइपाच्या जाडीत करणार नाही, मजुरीत बघू, असं सांगितलंय.