फरिश्ता आणि प्रेषित



तान्हे मूल झोपेत हसले की घरातील आजी म्हणते, फरिश्ते त्याच्याशी खेळताहेत. तेच मूल मदरशात 'मलक' शिकते, शाळेत 'देवदूत'. पुढे एखादा सोबती सांगतो की तुमचा शब्द परका आहे, आणि मूल गप्प बसते. ज्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश घडला व 1976 साली त्याचा पहिला खंड निघाला, तेथील मुलाने तरी गप्प बसू नये. शब्दाचे मूळ विचारावे.

'फरिश्ता' हा शब्द कुरआनात नाही. तेथे 'मलक' आहे, अनेकवचन 'मलाइका'. निरोप पोहोचविणे या अर्थाच्या धातूशी त्याचा संबंध जोडतात. हिब्रू 'मलाख' म्हणजे दूत, ग्रीक 'अँगेलोस' म्हणजेही निरोप्या. सूरह फातिरच्या पहिल्याच आयतीत पंखांचा उल्लेख आहे, पण त्याआधी मलाइकांना दूत म्हटले आहे.

'फरिश्ता' फारसी. जुन्या इराणी भाषेत 'फ्र' म्हणजे पुढे आणि 'इष' म्हणजे पाठविणे; त्यातून पहलवीत 'फ्रेस्तग' झाले, पाठविलेला. आता संस्कृत पाहा: 'प्र' आणि 'इष्', त्यातून 'प्रेषित'! हजरत मुहम्मद (स.) यांच्यासाठी आपण मराठीत जो शब्द आदराने लिहितो, तो आजीच्या फरिश्त्याचा सख्खा नातलग आहे. नाते शब्दांचे, दर्जाचे नव्हे. फरिश्ते नूरापासून निर्मिलेले, हुकमाबाहेर न जाणारे. प्रेषित मात्र माणूस, बाजारात हिंडणारा, भूक-दुःख सोसणारा.

'देवदूत' या शब्दाची गंमत निराळीच. इराणात 'देव'चा 'दीव' झाला आणि त्याचा अर्थ राक्षस! तेव्हा फारसी कानाला हा शब्द कसा वाटेल, ते तुम्हीच ताडा.

आपल्या दख्खनेत हे नाव एका इतिहासकारानेही धारण केले. मुहम्मद कासिम 'फरिश्ता' मूळचा अस्तराबादचा. निजामशाही अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, सोडून 1589 साली तो विजापुरास गेला. तेथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने हिंदुस्थानचा इतिहास फारसीत लिहिला. वाई तेव्हा त्याच आदिलशाहीत होती.

जाता जाता: मराठीतील 'फिरस्ता' याचा फरिश्त्याशी काही संबंध नाही. तो आपल्या 'फिरणे'वरून आला. परीक्षेत घोटाळा करू नका.