बर्लिनमधील विद्यार्थिनी

आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात प्लास्टरची एक कवटी आहे. दिवाळीच्या सुटीपूर्वी कपाटे झाडून घ्यावयाची म्हणून मुलांना कामाला लावले होते. एका मुलाने ती कवटी दोन्ही हातांत धरून मला विचारले, "सर, हाई कोनं डोकं शे?" मी म्हटले, "कोणाचेच नाही रे, प्लास्टरचे आहे." पण दुसरा एक मुलगा तेवढ्याने गप्प बसणारा नव्हता. "खरी कवटी असती तर तिच्यावरून जात ओळखता आली असती का?" असे त्याने विचारले. वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी आल्यावर ते हसणे मला गोड लागेना. मुलाने प्रश्न चेष्टेने विचारला नव्हता. एकाच गावात दोन वाड्यांतील माणसे एकमेकांकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर त्याने पाहिलेली आहे. तिच्यामागे काही शास्त्र आहे काय, एवढेच त्याला हवे होते.

या प्रश्नावर एका मराठी मुलीने परदेशात आपल्या विद्यार्थिदशेची दोन वर्षे खर्ची घातली होती. तिचे नाव इरावती कर्वे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून इरावतीबाई घरोघर परिचित आहेत. बर्लिनमधील विद्यार्थिनी म्हणून त्यांची ओळख मात्र फार थोड्यांना आहे. ती ओळख मुलांच्या देखत, फराळाचे ताट पुढे घेऊन करून द्यावी अशी आहे.

परंतु ही गोष्ट थोडी आधीपासून, स्वीडन देशापासून सांगावी लागते. तेथील शरीरशास्त्रज्ञ आंडर्स रेट्सियस यांनी १८४० नंतरच्या वर्षांत डोकी मोजण्याची एक सोपी युक्ती काढली. डोक्याच्या रुंदीला लांबीने भागावयाचे आणि शंभराने गुणावयाचे. पुढे असा संकेत ठरला की, उत्तर ७५ च्या आत आले तर डोके लांबट आणि ८० च्या वर गेले तर रुंद. येथपर्यंत हे नुसते गणित होते आणि गणिताने कोणाचे वाईट होत नाही. पण लांब डोके स्वीडिश लोकांचे, आखूड डोके उत्तरेकडील रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांचे, असे म्हणता म्हणता लांब डोके शहाणे आणि आखूड डोके मागासलेले असे समीकरण जुळू लागले. १९२२ साली स्वीडनने उप्साला येथे वंशशास्त्राची सरकारी संस्था उघडली. असली सरकारी संस्था जगात तोपर्यंत कोठेही नव्हती. तेथील लोक सामी वस्त्यांत जाऊन माणसांची डोकी मोजीत आणि त्यांची छायाचित्रे काढीत.

आपल्याकडेही हे वारे पोचले होते. सर हर्बर्ट रिस्ले हे इंग्रज अधिकारी १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख होते. त्यांनी डोक्याबरोबर नाकावरही भर दिला. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत. नाकाला सूत लावून समाजाची उतरंड रचावयाची! आज आपल्याला हसू येते. पण त्या काळी या गोष्टी मोठमोठ्या ग्रंथांतून छापल्या जात होत्या आणि विद्वान त्या गंभीरपणे वाचीत होते.

अशा काळात इरावतीबाई मोठ्या झाल्या. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातील म्यिंज्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीला होते. तिकडच्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवले. पुण्यात ती रँग्लर परांजप्यांच्या घरी, त्यांच्या शकुंतलेच्या बरोबरीने वाढली. सातव्या वर्षी आईबापांपासून दूर राहिलेल्या मुलीला पुढे समुद्रापलीकडचे अंतर फारसे वाटले नसावे. फर्ग्युसन कॉलेजातून ती १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली. नंतर मुंबईला प्राध्यापक घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून तिने १९२८ साली एम. ए. केले. मध्यंतरी तिचा विवाह महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी झाला होता. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवली होती. बायकोनेही जर्मनीस जाऊन शिकावे असे त्यांच्या मनाने घेतले.

आता गंमत पाहा. ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारले, त्या महर्षींना सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते. पण दिनकररावांनी वडिलांचे ऐकले नाही. काँग्रेसचे डॉक्टर जीवराज मेहता यांनी कर्जाऊ पैसे दिले आणि सूनबाई निघाल्या. पुढल्याच वर्षी, १९२९ साली, खुद्द महर्षी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी युरोपात गेले. जिनिव्हाला शिक्षणपरिषदेत ते बोलले आणि ऑगस्टमध्ये डेन्मार्कातील एल्सिनोर येथे जगातील शिक्षकांच्या मेळाव्याला हजर राहिले. तेथून खाडीपलीकडे स्वीडनचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. थोर माणसेही घरच्या बाबतीत कधी कधी आपल्याच विचारांच्या एक पाऊल मागे असतात, आणि मुले त्यांना हात धरून पुढे नेतात.

इरावतीबाई बर्लिनला पोचल्या तेव्हा त्या अवघ्या बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या. आमच्या साक्रीत मार्गशीर्षातही उन्हात बसले तर पाठ भाजते. बर्लिनला त्याच दिवसांत दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. भाषा नवी, अन्न नवे, माणसांच्या तऱ्हा नव्या. आणि देशाची हवाही बिघडत चाललेली. १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला जर्मन लोकसभेत १२ जागा होत्या. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत त्या १०७ झाल्या. मधल्या काळात मंदीने लाखो लोकांच्या हातचे काम गेले होते. बाईंचे विद्यार्थिजीवन नेमके या दोन निवडणुकांच्या मधले. डोळ्यांदेखत एक शहाणा समाज वेडा होऊ लागला होता.

त्यांचे शिक्षण चालले होते दालेम या उपनगरातील मानववंशशास्त्राच्या संस्थेत. १९२७ साली निघालेल्या या संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे जर्मनीतील नामांकित पंडित होते. १९०८ साली ते आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत, आजच्या नामिबियात, जाऊन आले होते आणि तेथील मिश्र संततीवर त्यांनी ग्रंथ लिहिला होता. त्याच वसाहतीत १९०४ ते १९०८ या वर्षांत हेरेरो आणि नामा लोकांची भयंकर कत्तल झाली आणि छावण्यांत मेलेल्या बंदिवानांची डोकी संशोधनासाठी बर्लिनला पाठवली गेली. कवट्यांनी भरलेली कपाटे संग्रहालयांत कशी आली, हा प्रश्न त्या काळी पंडितांपैकी फार थोड्यांना पडत असे.

फिशरसाहेबांची एक कल्पना होती. माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात. गोऱ्या युरोपीय माणसाची तर्कबुद्धी अधिक, म्हणून त्याच्या कवटीतील हा फरकही अधिक असला पाहिजे, असे ते म्हणत. शिष्येने मोजमापे घेऊन ते तपासावे, असा प्रबंधाचा विषय ठरला. इरावतीबाईंच्या पुढे १४९ कवट्या आल्या. काही युरोपीय, काही युरोपाबाहेरच्या.

हे काम किती किचकट असते याची कल्पना करावी. एक कवटी घ्यावयाची, मध्यरेषा धरावयाची, डावीकडची अंतरे मोजावयाची, मग उजवीकडची, आकडे वहीत उतरावयाचे आणि पुढची कवटी उचलावयाची. असे एकशे एकोणपन्नास वेळा. एखाद्या आकड्यात केसभर इकडे-तिकडे केले असते तर कोणाला कळले असते? गुरूला हवे ते उत्तर मिळाले असते आणि शिष्येची पदवीही बिनघोर झाली असती. घरचा विरोध पत्करून आलेली, कर्जाच्या पैशावर राहणारी, काळ्या देशाची एक परकी मुलगी. तिचे सारे भवितव्य एका माणसाच्या शेऱ्यावर अवलंबून होते, आणि कल्पना त्याच माणसाची होती.

बाईंनी आकडे जसे होते तसे मांडले. कवटीच्या दोन बाजूंत फरक असतो हे खरे. पण तो सगळ्याच माणसांत असतो. गोऱ्यांत तो अधिक असल्याचे या १४९ कवट्या सांगत नाहीत. प्रबंधाचे नावच मुळी 'मानवी कवटीची स्वाभाविक असमानता' अशा अर्थाचे आहे. 'स्वाभाविक' या एका शब्दात सगळे आले. जे स्वाभाविक आहे त्यावर कोणाचा मोठेपणा उभारता येत नाही.

१९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांचे चरित्रकार सांगतात की, फिशर यांनी या प्रबंधाला पास होण्यापुरती सर्वांत खालची श्रेणी दिली. मी परीक्षेचे पेपर तपासणारा मास्तर आहे. खालच्या श्रेणीची लाज बाळगणारी मुले मी रोज पाहतो. त्यांना हे सांगावेसे वाटते की, एखादी खालची श्रेणी अशीही असते की जी जन्मभर छातीवर लावून मिरवावी.

गुरूंचे पुढे काय झाले? १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आफ्रिकी सैनिक आणि जर्मन माता यांच्या मुलांना १९३७ साली सक्तीने निर्बीज करण्यात आले, त्या कामात त्यांचा व त्यांच्या संस्थेचा हात होता. पुढे त्याच संस्थेकडे ऑशविट्झच्या छळछावणीतून बंदिवानांचे अवशेष तपासणीसाठी येऊ लागले. सणाच्या अंकात याहून अधिक सांगणे नको. चुकीचा आकडा केवढ्याला पडतो एवढे ध्यानात आले म्हणजे पुरे.

इरावतीबाई परत आल्या. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या आणि तेथे राहून त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला. इकडे घुर्ये हेही त्यांचे गुरूच. एका मूळ जातीच्या फांद्या फुटून पोटजाती झाल्या, असे घुर्ये मानीत. बाईंनी उलट मांडले. निरनिराळे स्वतंत्र गट शेजारी येऊन एका नावाखाली नांदू लागले, असे त्यांचे म्हणणे. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन गटांच्या शरीराची मापेही सारखी निघत नाहीत, हा त्यांचा पुरावा. दोन गुरू आणि दोघांशीही मतभेद. तरी कोणाविषयी अनादर नाही.

आम्हा खानदेशकरांना त्यांचे आणखी एक देणे आहे. आमचा धुळे जिल्हा पूर्वी पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. येथील भिल्लांची सामाजिक आणि आर्थिक पाहणी करून इरावतीबाईंनी त्यावर ग्रंथ लिहिला. दिवाळी सरली की गुजरातेत ऊसतोडीला जाणारी, मागे वर्गातील बाके रिकामी ठेवणारी माझी मुले याच समाजातली.

येथे एक गोष्ट लपवू नये. बर्लिनची मोजपट्टी बाईंनी परत येताना टाकून दिली नाही. भारतातही त्या नाके व डोकी मोजीत राहिल्या आणि आजचे अभ्यासक त्याबद्दल त्यांना प्रश्न विचारतात. विचारावेतच. जी बाई स्वतः गुरूला प्रश्न विचारून आली, तिला कोणी प्रश्न विचारू नये असे म्हणणे तिचा अपमान करण्यासारखे होईल. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या.

कवट्यांची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. २०११ साली बर्लिनच्या रुग्णालयाने २० कवट्या नामिबियाला परत केल्या. दालेमच्या त्या संस्थेजवळ २०१४ साली खोदकामात मानवी हाडे सापडली. ती २०२३ साली सन्मानाने पुरण्यात आली. आणि ज्या स्वीडनमध्ये ही मोजणी सुरू झाली, तेथे लिक्सेले गावी २५ सामी माणसांचे अवशेष पुन्हा मातीत ठेवले गेले. कित्येक वर्षांपूर्वी ते उकरून संग्रहालयात नेले होते. तो दिवस होता ९ ऑगस्ट २०१९.

ही तारीख आमच्या मुलांना पाठ आहे. ९ ऑगस्ट म्हणजे जागतिक आदिवासी दिन. त्या दिवशी आमच्या तालुक्यातही ढोल वाजतात, पोरे डोक्याला फेटे बांधून नाचत मिरवणुकीत जातात. सात समुद्रांपलीकडे बर्फाळ मुलखातील माणसे त्याच दिवशी आपल्या पूर्वजांची डोकी घरी आणीत होती, हे मी त्यांना सांगणार आहे.

आणि सुटी संपून शाळा उघडली की कपाटातील ती प्लास्टरची कवटी टेबलावर ठेवणार आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यावर राहिले आहे. "बाळ, एका मराठी मुलीने परमुलखात १४९ डोकी मोजून पाहिली. कोणते डोके वरचे नि कोणते खालचे, हे एकानेही तिला सांगितले नाही. आणि तिने ते आपल्या पदरचे घातले नाही."