पोई: ठोका त्यांचा, पाऊल माझं

आज दोरीला बांधलेल्या एका चेंडूचा इतिहास सांगणार आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

मी इंदूरची. लहानपणी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात लेझीम खेळायचे. पुढे गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे दोन्ही हातांत दोरीचे चेंडू गरगर फिरवताना पाहिले आणि त्यांच्याकडून शिकले. या खेळाला पोई म्हणतात. हात बसले तसे पाय आपोआप लेझमीच्या चालीवर पडू लागले. लोकांना ते आवडलं. एका कार्यक्रमात मी माइकवर सांगून टाकलं, ‘हा गोव्याचा खेळ, आणि ही माझी स्वतःची शैली.’ पहिलं वाक्य साफ चुकीचं होतं. ते कळल्यावर दुसऱ्याचीही खात्री वाटेना.

पोई न्यूझीलंडच्या माओरी लोकांची. त्यांच्या भाषेत पोई म्हणजे चेंडू. पूर्वी तो राऊपोच्या पानांचा करत. राऊपो म्हणजे आपल्या तळ्याकाठच्या पाणकणसाचा भाऊबंद. दोरी हाराकेके नावाच्या वनस्पतीच्या धाग्यांची. माओरी बायका पोई नुसती फिरवत नाहीत. फिरता चेंडू हातावर आपटतात, त्याचा ‘टप्’ असा आवाज होतो आणि त्या ठोक्यावर गाणं चालतं. किनाऱ्यावर मी शिकले त्यात हा ठोकाच नव्हता. चेंडू होता, गिरक्या होत्या. आवाज आणि शब्द वाटेत कुठेतरी गळून गेले होते.

त्या शब्दांचं मोल कळायला तारानाकी प्रांतात जायला हवं. १८६३च्या कायद्याचा आधार घेऊन सरकारने तिथल्या माओरींच्या जमिनी जप्त केल्या. ते व्हिती आणि तोहू काकाही या दोन पुढाऱ्यांनी पारिहाका गावात शस्त्र न उचलता विरोध सुरू केला. १८७९मध्ये त्यांची माणसं जप्त जमिनींवर जाऊन नांगर धरायची. त्यांना पकडलं की दुसरी यायची. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे १,६०० शिपाई गावात शिरले. समोर गाणारी, नाचणारी पोरं आणि शांत बसलेला गाव. दोघा पुढाऱ्यांना पकडून खटला न चालवताच १८८३पर्यंत कैदेत ठेवलं. गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेतला सत्याग्रह सुरू व्हायला तेव्हा पंचवीस वर्षं अवकाश होता. या पुढाऱ्यांची शिकवण आणि गावाचा इतिहास पारिहाकाच्या बायकांनी पोईच्या ठोक्यावर म्हणत जपला. मी जे खेळणं म्हणून हातात घेतलं, ते तिथे गावाची आठवण सांभाळत होतं.

मग काय, त्यात स्वतःचं काही घालूच नये? याचं उत्तर त्याच प्रांतात मिळालं.

दक्षिण तारानाकीत पातेआ नावाचं छोटं गाव आहे. तिथला मांस गोठवण्याचा कारखाना १९८२मध्ये बंद पडला. गावाची रोजीरोटी त्यावरच होती. माओरी पोरं भाषेपासून आधीच दूर चाललेली. अशा वेळी संगीतकार डालव्हेनियस प्राइम आणि कवयित्री न्गोई पेफाइरांगी यांनी मिळून ‘पोई ए’ हे गाणं रचलं. सगळे शब्द माओरी भाषेतले, पोईलाच उद्देशून. रेकॉर्ड कंपन्यांनी दाद दिली नाही, तेव्हा प्राइम यांनी स्वतःच ते काढलं. १९८४मध्ये ते न्यूझीलंडच्या यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

त्याचा व्हिडिओ जरूर पाहा. पातेआ माओरी क्लबच्या बायका पोई खेळताहेत आणि एक तरुण चक्क ब्रेकडान्स करतोय! अमेरिकेतल्या रस्त्यांवरचा नाच, पारंपरिक पोईच्या शेजारी. त्या पोराने आपल्या अंगात भिनलेलं आणलं, पण ठोका मोडला नाही आणि गाण्याची भाषा बदलली नाही. उलट त्याच्यासारख्यांना ती आपली वाटावी म्हणूनच तर हे गाणं होतं. पुढे २०१०च्या ‘बॉय’ चित्रपटात तायका वाइटीटी यांनी शेवटी याच गाण्यावर हाका आणि मायकेल जॅक्सनचं ‘थ्रिलर’ एकत्र नाचवलं.

अर्थात, ती त्यांची पोई होती. घरच्या माणसाने भिंत रंगवणं वेगळं, पाहुण्याने रंगवणं वेगळं. मी पाहुणी आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून मी तीन गोष्टी बदलल्या. कार्यक्रमाआधी पोई कुणाची हे सांगते. माओरी गाणी मी म्हणत नाही; ती माझी नाहीत. आणि हातावर ठोका द्यायला शिकले. पहिले काही दिवस मनगटं लाल व्हायची. पण गंमत अशी, की ठोका आला तेव्हाच माझी लेझीम खऱ्या अर्थाने जागी झाली. लेझमीतही छणकार आणि पाऊल एकत्रच पडायला लागतं ना! नुसत्या गिरक्यांवर माझे पाय सजावटीसारखे पडायचे. आता ते हाताला उत्तर देतात.

शैली माझीच आहे, हे आता मी न अडखळता म्हणते. कारण माझं काय आणि त्यांचं काय, हे मला सांगता येतं.

तुम्ही कुठल्याही राज्यात राहत असाल, तिथला एखादा नाच शिकला असाल, तर आधी तो कुणाचा आहे हे तिथल्या जाणत्या माणसाला विचारा. मग खुशाल आपलं पाऊल टाका. भेटू पुढच्या भागात.