सांडपाण्यातून नदीत पोहोचणारा प्रतिजैविक-रोध

जिवाणूंनी प्रतिजैविक औषधांना दाद न देणे म्हणजे प्रतिजैविक-रोध. हा प्रश्न रुग्णालयांपुरता मानला जातो; प्रत्यक्षात त्याची एक मोठी वाट सांडपाण्यातून जाते. घेतलेल्या प्रतिजैविकाचा बराच अंश मलमूत्रावाटे बाहेर पडतो. त्यासोबत आतड्यांतील रोधक जिवाणूही गटारात येतात. रोधाचे जनुक अनेकदा प्लाझ्मिड या सुट्या, वर्तुळाकार डीएनएवर असते. त्याची प्रत एक जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. त्यामुळे निरुपद्रवी जिवाणूंकडील रोध रोगकारक जिवाणूंकडे जातो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्याची मुठा नदी. नचिकेत मराठे व सहकाऱ्यांनी तिच्या गाळातील डीएनए तपासला. २०१७ मध्ये 'वॉटर रिसर्च' या नियतकालिकात आलेल्या या अभ्यासानुसार, शहराच्या वरच्या अंगाच्या तुलनेत शहरातील गाळात रोधक जनुकांचे सापेक्ष प्रमाण ३० पट होते. जिवाणूंमध्ये संक्रमित होऊ शकणारी १७५ रोधक जनुके सापडली. त्यांत एनडीएम व केपीसी या गटांचीही होती. इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर वापरली जाणारी कार्बापेनेम औषधे ही जनुके निकामी करतात. शुद्धीकरणाविना वा अर्धवट शुद्धीकरणानंतर सोडलेले सांडपाणी हे यामागील कारण होय.

नदीतील दोष शहरापाशी थांबत नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते; भीमेवरील उजनी धरणातून सोलापूरला पाणी जाते. लहान नद्यांचीही साखळी अशीच असते. कन्हान नदीचे पाणी नागपूरला पुरवले जाते. अशा साखळीत वरच्या गावाचे सांडपाणी हा खालच्या गावाच्या आरोग्याचा प्रश्न ठरतो.

धोका नळापर्यंतही येऊ शकतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २, तर रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१ जनुक आढळले होते.

शुद्धीकरण प्रकल्प जिवाणूंची संख्या मोठ्या प्रमाणात घटवतात, मात्र रोधक जनुके पूर्णतः नष्ट होतातच असे नाही. म्हणून औषधाचा वापर मर्यादित ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. पाकिटावर उभी लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. उरलेल्या गोळ्या मोरीत वा शौचालयात टाकू नयेत. पाण्याविषयी शंका असल्यास ते उकळून प्यावे: उकळीने रोधक जिवाणूही मरतात.