गुंगीतील रुग्णांचे वेदनामापन

अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर, गुंगीच्या औषधांखाली असलेल्या आणि बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या वेदनेचा व शारीरिक ताणाचा अंदाज घेण्याची पद्धत. मिडॅझोलाम, प्रोपोफॉल यांनी झोप लागते, दुखणे थांबत नाही. त्यासाठी फेंटानिल किंवा मॉर्फिन वेगळे द्यावे लागते. ‘झोपलाय, म्हणजे त्रास नाही’ हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

फ्रान्समध्ये 2001 साली मांडलेल्या ‘बीपीएस’ श्रेणीत चेहरा, हातांची हालचाल आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणे यांना प्रत्येकी 1 ते 4 गुण देतात. बेरीज 5 च्या वर गेली की वेदना आहे असे धरतात. कॅनडातील 2006 ची ‘सीपॉट’ श्रेणी स्नायूंचा ताठरपणाही पाहते. तिचे गुण 0 ते 8. कफ ओढताना आणि कूस बदलताना केलेली नोंद सर्वांत बोलकी. नाडी व रक्तदाब हे केवळ इशारे. 2018 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार एवढ्यावरून वेदना ठरवता येत नाही.

नांदेड-लातूरकडे ही सावधगिरी अधिकच लागते. विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही शेतकरी मुलखातली रुग्णालये. अशा मुलखात फवारणीचे औषध पोटात गेलेले आणि सर्पदंशाचे रुग्ण येतात, आणि नेमके तेच या श्रेण्यांना चकवतात. फवारणीच्या औषधांतील ऑरगॅनोफॉस्फरसच्या विषबाधेत ॲट्रोपिन द्यावे लागते. त्याने नाडी वाढते, बाहुल्या मोठ्या होतात, घाम आटतो. बाहुली मोजणारे किंवा हृदयगतीतील चढउतारांवर चालणारे वेदनामापक यंत्र मग भरवशाचे राहत नाही. ॲट्रोपिन जास्त झाले तर रुग्ण बरळतो, हातपाय झाडतो. ते दुखण्यामुळेच असेल असे नाही. उलट काही दिवसांनी मान व श्वासाचे स्नायू लुळे पडले की वेदना असूनही हालचाल दिसत नाही.

मण्यारीच्या दंशात अडचण टोकाला जाते. पापण्या मिटलेल्या, अंग लुळे, बाहुल्याही कधी प्रकाशाला दाद न देणाऱ्या. मेंदू मात्र जागा. असा रुग्ण मेंदूमृत समजला जाण्याचा धोका वैद्यकीय साहित्यात नोंदलेला आहे. कफ ओढला तरी त्याचा चेहरा हलत नाही, म्हणून सीपॉटचा शून्य इथे निरर्थक. दुखेल अशा प्रक्रियेआधीच वेदनाशामक द्यावे, काय करणार ते कानाशी सांगावे, आणि पायाचे एखादे बोट हलत असेल तर त्यावर हो-नाही ठरवून घ्यावे.